मासळीची वही आणि माणसाचा करार

मासळी धक्क्यावर उतरली की दोन हिशेब एकदम सुरू होतात. पहिला मासळीचा: कोणती मिळाली, किती मिळाली, कुठे मिळाली, काय भावाने गेली. दुसरा माणसांचा: तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, किती, खलाशाला किती, हंगामाच्या सुरुवातीला दिलेल्या उचलीतून किती वळते करायचे. कचेरीत हे दोन हिशेब वेगवेगळ्या टेबलांवर होतात. कारकुनाचा पगार त्या महिन्याच्या विक्रीवर ठरत नाही. बोटीवर मात्र दोन्ही हिशेब एकाच दोरीने बांधलेले असतात, कारण जगातले असंख्य मासेमार आजही ठरीव पगारावर नव्हे, तर वाट्यावर काम करतात. मासळी किती आली हे खोटे लिहिले गेले, की खलाशाची मजुरी आपोआप खोटी होते.

म्हणून व्यापारी मासेमारीच्या नियमांत दोन कागदांना फार महत्त्व आहे. एक म्हणजे मासळीची नोंदवही, जिला बंदरावर सगळे ‘लॉगबुक’ म्हणतात. दुसरा म्हणजे बोटीवरच्या प्रत्येक माणसाशी केलेला लेखी करार, आणि त्याच्या जोडीला बोटीवर कोण कोण आहे याची यादी. सरकारी खात्यांत हे कागद वेगवेगळ्या फायलींत जातात. पहिला मत्स्यसाठ्याच्या रक्षणासाठी, दुसरा कामगार कल्याणासाठी. पण गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: यातला एक कागद कच्चा असेल तर दुसरा पक्का राहू शकत नाही.

वाट्याचे गणित

आधी वाटा कसा पडतो ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. वाटण्याची पद्धत बंदरागणिक, जाळ्यागणिक बदलते, पण सांगाडा साधारण असाच असतो.

समजा, एका बोटीने आठ-दहा दिवसांची फेरी केली आणि मासळी ४ लाख रुपयांना गेली. डिझेल, बर्फ, शिधा, दलाली असा फेरीचा खर्च २ लाख २० हजार. तो वजा जाता उरले १ लाख ८० हजार. त्यातला अर्धा भाग बोटीचा आणि जाळ्याचा, म्हणजे मालकाचा. उरलेले ९० हजार माणसांचे. बोटीवर आठ जण आहेत: तांडेलाचे दोन वाटे आणि सात खलाशांचा प्रत्येकी एक, असे नऊ वाटे. एका वाट्याला १० हजार रुपये आले.

आता विक्रीचा आकडा फक्त १० टक्क्यांनी कमी सांगितला, असे धरू. विक्री ३ लाख ६० हजार. खर्च तेवढाच राहतो, कारण डिझेल जळायचे तेवढे जळलेलेच असते. उरले १ लाख ४० हजार, माणसांचे ७० हजार, आणि एका वाट्याला सुमारे ७,७७८ रुपये. वरचा आकडा १० टक्क्यांनी हलला, खलाशाची मजुरी २२ टक्क्यांनी घटली. विक्री खरी सांगून खर्चात २० हजार रुपये फुगवले तरी वाटा ८,८८९ वर येतो.

वाट्याच्या पद्धतीत वाईट काही नाही. मासळी भरपूर मिळाली तर सगळ्यांचे बरे होते. जोखीम वाटली जाते, जीव ओतून काम करायला कारण मिळते. पण ही पद्धत न्याय्य राहण्यासाठी तीन गोष्टी खलाशाला कळायला हव्यात: मासळी किती आणि कितीला गेली, कोणता खर्च कुठल्या खाती वजा झाला, आणि एकूण वाटे किती पडले. तिन्ही गोष्टी कागदावर नसतील तर खलाशी भागीदार उरत नाही. हातात पडेल तेवढे घेणारा माणूस होतो.

हे जुन्या काळच्या कायदेकर्त्यांनाही समजले होते. अमेरिकेच्या काँग्रेसने १७९२ मध्ये कॉड मासेमारीच्या जहाजांना सरकारी अनुदान देण्याचा कायदा केला, तेव्हा अनुदानाचे आठ भाग पाडून तीन मालकाला आणि पाच मासेमारांना द्यायचे ठरवले. त्यासाठी तांडेलाने प्रत्येक मासेमाराशी लेखी करार केलेला असणे आवश्यक होते. आजही अमेरिकी कायद्यानुसार २० टन किंवा त्याहून मोठ्या मासेमारी जहाजाने तिथल्या बंदरातून निघण्यापूर्वी प्रत्येक खलाशाशी लेखी करार करायचा असतो. त्यात कराराची मुदत आणि मजुरीची किंवा वाट्याची रीत लिहावी लागते.

हलच्या बंदरातला एक मृत्यू

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल आणि ग्रिम्स्बी ही दोन मोठी मासेमारी बंदरे. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिडांच्या बोटी उत्तर समुद्रात आठवडेच्या आठवडे मासेमारी करत. त्यांच्यावर शिकाऊ म्हणून लहान मुले घेतली जात. अनेक मुले अनाथ, गरीबखान्यांतून आलेली. २१ वर्षांचे होईपर्यंत त्यांना बांधून ठेवणारा करार असे. तो कागद मुलाला बांधत होता, पण मुलाचे रक्षण करत नव्हता. पळून गेलेल्या पोरांना तुरुंगात धाडले जाई.

१८८२ मध्ये ‘रायझिंग सन’ या हलच्या बोटीचा स्किपर, म्हणजे आपल्याकडचा तांडेल, ऑस्मंड ओटो ब्रँड याच्यावर एका शिकाऊ मुलाच्या खुनाचा खटला चालला. बोट बंदराला लागल्यावर त्याने मुलगा अपघाताने समुद्रात पडल्याचे सांगितले होते. त्याच्या शब्दापलीकडे दुसरी नोंद नव्हती. पुढे बोटीवरच्या इतरांनी तोंड उघडले आणि समुद्रात त्या मुलाचे कसे हाल केले गेले ते बाहेर आले. मे १८८२ मध्ये ब्रँडला लीड्सच्या तुरुंगात फाशी झाली. त्याच वर्षी हलच्या आणखी एका बोटीवर शिकाऊ मुलाचा खून झाल्याचे उघडकीस आले.

देश हादरला आणि १८८३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने मासेमारीच्या बोटींसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यातल्या तरतुदी १८९४ च्या मोठ्या मर्चंट शिपिंग कायद्यात सामावल्या गेल्या. त्या वाचताना, आधी काय काय घडत असेल याची कल्पना येते. समुद्रात असताना बोटीवरच्या कोणाचाही मृत्यू, इजा, छळ किंवा शिक्षा झाली, तर स्किपरने त्याची नोंद ठेवलीच पाहिजे. बोटीला अपघात झाला तर त्याचीही. ती नोंद बंदरावरच्या अधिकाऱ्याने मागितली की दाखवली पाहिजे. छळाची नोंद खुद्द छळणाऱ्याने लिहायची, यातली अडचण उघड आहे. पण मृत्यू आणि इजा ‘सांगण्याची’ गोष्ट राहिली नाही, ‘लिहून सादर करण्याची’ झाली. खोटे बोलणे आणि सरकारी वहीत खोटे लिहिणे यांत फरक असतो: लिहिलेले दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहता येते.

त्याच काळापासून बोटींच्या खलाशांच्या याद्या नियमाने जमा होऊ लागल्या. १८८४ ते १९१४ या काळातल्या हलच्या मासेमारी बोटींच्या याद्या आजही तिथल्या हल हिस्टरी सेंटरमध्ये जपून ठेवल्या आहेत. आपले पणजोबा कोणत्या बोटीवर होते हे लोक तिथे जाऊन शोधतात. समुद्रात बुडालेल्या कित्येक माणसांची दुसरी कुठलीच खूण मागे नाही.

एका फेरीपुरता करार

करार लेखी झाला म्हणजे सगळे मार्गी लागले, असे नाही. तो किती काळाचा आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. याची किंमत त्याच हलच्या माणसांनी विसाव्या शतकात मोजली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हलचे मोठे ट्रॉलर आइसलँड, नॉर्वे, बेअर बेट अशा बर्फाळ पाण्यात जाऊ लागले. फेरी साधारण तीन आठवड्यांची. परत आल्यावर तीन दिवस घरी, की पुन्हा समुद्रात. स्किपर आणि त्याचा दुय्यम, म्हणजे मेट, पूर्णपणे वाट्यावर. डेकवरच्या खलाशांना आठवड्याचा पगार आणि त्यावर विक्रीच्या प्रमाणात काही रक्कम. कॉड माशांची यकृते बोटीवरच उकळून तेल काढत, त्याचे पैसे वेगळे मिळत. हिशेब झाला की खिसा भरलेला असे आणि तीन दिवसांत रिकामा होई. म्हणून गावात त्यांना ‘तीन दिवसांचे लखपती’ म्हणत. करार फेरीपुरता. फेरी संपली, करार संपला. पुढच्या फेरीला पुन्हा सही.

याच बंदरातून १० जानेवारी १९६८ रोजी ‘सेंट रोमानस’ हा ट्रॉलर निघाला. त्याच्यावर रेडिओ ऑपरेटर नव्हता, स्किपरच रेडिओ सांभाळणार होता. निघाल्यावर लवकरच त्याचा संपर्क तुटला. पण संपर्क तुटला म्हणून गजर झाला नाही. जहाज बेपत्ता असल्याची बोंब थेट २६ जानेवारीला झाली. पाठोपाठ ‘किंग्स्टन पेरिडॉट’ आणि ‘रॉस क्लीव्हलँड’ बुडाले. तीन जहाजांवर मिळून ५८ माणसे गेली. लिलियन बिलोका आणि तिच्यासारख्याच मासेमारांच्या इतर बायका रस्त्यावर उतरल्या, सह्या गोळा केल्या, लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटल्या. प्रत्येक जहाजावर रेडिओ ऑपरेटर असलाच पाहिजे, जहाजाने ठरलेल्या वेळी किनाऱ्याशी बोललेच पाहिजे, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. बंदर सोडल्यावर जहाज कुठे आहे आणि कोणत्या हालतीत आहे, याचीही रोजची नोंद हवी, हे त्या बायकांनी सरकारकडून मान्य करून घेतले.

आठ वर्षांनी दुसरे संकट आले. आइसलँडने आपली मासेमारीची हद्द २०० सागरी मैलांपर्यंत वाढवली, त्यावरून ब्रिटनशी ‘कॉड युद्ध’ म्हणून ओळखला जाणारा झगडा झाला आणि १९७६ च्या तडजोडीनंतर हलच्या ट्रॉलरांना ते पाणी बंद झाले. ताफे भंगारात गेले. कारखाना बंद पडला तर कामगाराला कायद्याने भरपाई मिळते. ट्रॉलरवर वीस-वीस वर्षे घालवलेल्यांना मात्र सांगण्यात आले: तुम्ही कायम कामगार नव्हेच. तुमचा करार फेरीपुरता, म्हणून तुम्ही हंगामी.

मासेमारांच्या संघटनांनी हा लढा सोडला नाही. अखेर २००० साली सरकारने भरपाईची योजना आणली: सेवेच्या प्रत्येक वर्षाला एक हजार पौंड, जास्तीत जास्त वीस हजार. आता प्रश्न आला तो सेवा सिद्ध करण्याचा. कोणत्या जहाजावर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? त्यातही नियम असा की कामात १२ आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला तर त्याआधीची सेवा धरायची नाही. म्हातारे मासेमार आणि वारलेल्यांच्या विधवा तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे कागद शोधू लागल्या. २००७ मध्ये तिथल्या संसदीय लोकपालांनी या योजनेवर कडक अहवाल दिला, योजना घाईत आखली गेली आणि त्यामुळे अन्याय झाला असे म्हटले. त्यानंतर नवी योजना आणावी लागली.

समुद्रावरच्या माणसाने सही केलेला कागद त्याच्या म्हातारपणी, कधी त्याच्या मागेही, घराच्या उपयोगी पडतो. त्यावर काय लिहिले आहे, काय लिहायचे राहिले आहे, आणि तो सापडतो की नाही, यावर भाकरी ठरते.

मासळीच्या वहीत काय लिहायचे

आता पहिल्या कागदाकडे, म्हणजे मासळीच्या वहीकडे, वळू. युरोपीय संघाने २००९ मध्ये मासेमारी नियंत्रणाचा व्यापक नियम केला. त्यानुसार १० मीटर किंवा त्याहून लांब बोटीच्या तांडेलाने लॉगबुक ठेवायचे: बोटीचा क्रमांक, मासळीची जात, ती कोणत्या तारखेला आणि कोणत्या भागात मिळाली, कोणते जाळे वापरले, प्रत्येक जातीचे वजन किती. त्या नियमात ५० किलोंपेक्षा जास्त असलेली प्रत्येक जात लिहायची होती. बोटीवर सहसा वजनकाटा नसतो, म्हणून अंदाजात १० टक्क्यांपर्यंत फरक चालत असे. १२ मीटर आणि त्यावरच्या बोटींनी ही वही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरून किनाऱ्याला पाठवायची. २०२३ मध्ये नियम सुधारून लहान बोटींनाही टप्प्याटप्प्याने यात आणायचे ठरले.

ही वही शास्त्रज्ञांचे डोळे असते. कोणत्या भागात, किती मेहनतीला, किती मासळी मिळाली हे वर्षानुवर्षे कळत गेले तरच साठा घटतो आहे की टिकतो आहे हे सांगता येते. मासळी कमी होऊ लागली की आकडा लगेच कमी होत नाही, आधी मेहनत वाढते. काल चार तास जाळे ओढून जेवढी मिळत होती, तेवढीच आज आठ तासांत मिळते. वहीत फक्त वजन लिहिले आणि तास लिहिले नाहीत, तर धोका दिसतच नाही.

खोट्या वहीचा एक मोठा प्रकार स्कॉटलंडमध्ये उघडकीस आला. २००२ ते २००५ या काळात तिथल्या काही बोटींनी ठरलेल्या वाटपापेक्षा जास्त मॅकरेल आणि हेरिंग उतरवून ते लपवले. ही मासळी होती ६ कोटी ३० लाख पौंडांची. कारखान्यांमध्ये छुपे वजनकाटे आणि मासळी परस्पर वळवणारे पाइप सापडले. २०१२ मध्ये अनेक स्किपर आणि कंपन्यांना दंड झाला. यातून समुद्राचे नुकसान झालेच. पण वाट्यावरच्या माणसाचा विचार करा. जी मासळी कागदावर नाही, तिच्या वाट्यासाठी तो कोणत्या न्यायालयात जाणार? मालकाने दिले तर मिळाले. चोरटी मासळी खलाशाला आधी मालकाच्या मर्जीवर नेऊन सोडते आणि पुढे साठा आटला की बेकारही करते.

जिनिव्हात ठरलेले

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मासेमारांच्या करारावर पहिला करारनामा १९५९ मध्ये केला. पण जुने नियम विखुरलेले होते. जून २००७ मध्ये जिनिव्हात ‘मासेमारीतील काम’ हा १८८ क्रमांकाचा करारनामा मंजूर झाला आणि १६ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलात आला. पोटापुरती आणि हौसेची मासेमारी सोडून सगळी व्यापारी मासेमारी त्याच्या कक्षेत येते.

त्याचे मुख्य कलम साधे आहे. प्रत्येक मासेमाराशी लेखी करार असावा, दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात, करार मासेमाराला समजेल अशा रीतीने लिहिलेला असावा. सही करण्यापूर्वी तो वाचून घेण्याची आणि कुणाचा सल्ला घेण्याची संधी त्याला मिळावी. एक प्रत त्याच्याजवळ, एक बोटीवर. त्यात काय लिहायचे याची यादी परिशिष्टात दिली आहे: नाव, जन्मतारीख किंवा वय, जन्मस्थान, बोटीचे नाव आणि क्रमांक, मालकाचे नाव, काम कोणते, कधी आणि कुठे हजर व्हायचे, जेवणाखाणाची सोय, मजुरी किती. मजुरी वाट्यावर असेल तर वाटा किती एवढे लिहून भागत नाही, तो काढायचा कसा हेही लिहावे लागते. मघाच्या गणितातली सगळी मेख या एका ओळीत आहे. शिवाय करार कसा संपेल, आजारपण, दुखापत, मृत्यू यांत काय मिळेल, परत घरी कसे पोचवले जाईल, विश्रांती किती, हेही येते.

तीन दिवसांपेक्षा जास्त काळ समुद्रात राहणाऱ्या बोटींवर २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती, असे मोजमाप करारनाम्याने दिले. काम करण्याचे किमान वय सर्वसाधारणपणे १६. कामाला लावण्यासाठी मासेमाराकडून दलाली घ्यायची नाही. आणि बोट निघण्यापूर्वी खलाशांच्या यादीची एक प्रत किनाऱ्यावरच्या जबाबदार माणसाकडे द्यायची, किंवा निघाल्याबरोबर कळवायची. यादी बोटीसोबत बुडाली तर तिचा उपयोग काय?

आशियात हा करारनामा सर्वप्रथम स्वीकारला थायलंडने, जानेवारी २०१९ मध्ये. त्याआधी थाई बोटींवर म्यानमार आणि कंबोडियातून आणलेल्या मजुरांची अक्षरशः गुलामी चालू होती. असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी २०१५ मध्ये इंडोनेशियातल्या बेंजिना गावात अडकवून ठेवलेली माणसे जगासमोर आणली. त्या वार्तांकनानंतर दोन हजारांहून अधिक जण सुटले आणि पत्रकारांना २०१६ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास, एप्रिल २०१५ मध्ये, युरोपीय संघाने बेकायदा आणि नोंद नसलेल्या मासेमारीवरून थायलंडला इशारा दिला होता. निर्यात बुडण्याच्या भीतीने तिथे बंदरांवर तपासणी केंद्रे उभी राहिली. मोठ्या बोटीने निघताना आणि परतताना कागद दाखवायचे, यादीतली माणसे प्रत्यक्ष उभी करायची, मजुरी बँकेत जमा करायची. मासळी कुठून आली हे लपवणारी बोट बहुधा माणसे कुठून आली हेही लपवते, हे तिथे सरकारला नीट कळले.

आपल्या किनाऱ्यावर

भारताने १८८ क्रमांकाचा करारनामा अजून स्वीकारलेला नाही. आपल्याकडे नियम नाहीत असे मात्र नाही. मासेमारीच्या बोटींच्या नोंदणीसाठी १९८३ मध्ये मर्चंट शिपिंग कायद्यात वेगळा भाग घातला गेला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये त्यात दंड जबर वाढवले गेले. २००८ मध्ये पोरबंदरची ‘कुबेर’ बोट पळवून, तिच्यावरच्या माणसांना मारून अतिरेकी मुंबईत आले. बोटीवर नेमके कोण आहे हा प्रश्न त्यानंतर सुरक्षेचा झाला. बोटींची नोंदणी कडक झाली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळू लागली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एक लाख बोटींवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. खर्च सुमारे ३६४ कोटी रुपये. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने खोल समुद्रातल्या मासेमारीचे नियम काढून यांत्रिक बोटींना ऑनलाइन पास लागू केला.

बोट कुठे आहे हे आता कळू लागेल. बोटीवरच्या माणसाचा करार काय आहे, हे मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी तोंडीच असते. हंगामाच्या तोंडावर उचल द्यायची, ‘वाटा नेहमीप्रमाणे’ म्हणायचे आणि निघायचे. पूर्वी हे चालून जाई, कारण तांडेल आणि खलाशी एकाच कोळीवाड्यातले, नात्यातले असत. मालवणकडच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीत, तर ओढणारा प्रत्येक जण हिश्शाचा धनी आणि वाटे किनाऱ्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडत. आज रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी तरुण आहेत, गोव्याच्या बोटींवर ओडिशा, झारखंडची माणसे आहेत. त्यांना गावकीचा आधार नाही, भाषा परकी. २०२४ च्या पावसाळ्यात दक्षिण गोव्याच्या कुटबण जेट्टीवर कॉलऱ्याची साथ आली आणि काही खलाशी दगावले. अशा वेळी माणूस कोणाच्या बोटीवर होता, घर कुठे, वारस कोण, हे लिहिलेले नसेल तर मदत पोचणार कुठे?

सर्वांत कठीण प्रसंग पालघरच्या घरांवर येतो. डहाणू, तलासरी भागातले अनेक आदिवासी तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सागरी हद्दीजवळ पाकिस्तानी यंत्रणेने बोट धरली की बोट जप्त आणि माणसे कराचीच्या तुरुंगात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अशाच एका गुजराती बोटीवर गोळीबार होऊन पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार मारला गेला. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. शिक्षा संपली तरी नागरिकत्वाची खात्री पटल्याशिवाय सुटका होत नाही, आणि ती खात्री होते ती नाव, गाव, बापाचे नाव यांच्या ताळमेळाने. बोट निघताना दिलेल्या यादीत नाव चुकले असेल, एकाच्या जागी ऐन वेळी दुसरा चढला असेल, तर तो ताळमेळ लागायला महिनेच्या महिने जातात. मागे घरात बायको मजुरीला जाते आणि मालकाकडे किती येणे आहे हेही तिला ठाऊक नसते.

मासळीच्या नोंदीची स्थितीही अर्धवट आहे. देशातल्या मासळीचे अंदाज कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर नमुना पाहणी करून काढते. हे काम मोलाचे आहे. पण पाहणीला मासळी दिसते ती धक्क्यावर. ती नेमकी कुठल्या पाण्यातून, किती तास जाळे ओढून आली, हे फक्त तांडेलाला माहीत असते. युरोपात मासळी पाठवायची तर २०१० पासून ती कोणत्या बोटीने पकडली याचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले. बोटीवरच्या नोंदीशिवाय यातले काहीच नीट पाळले जाणार नाही.

हंगामापूर्वी एक पान

लहान बोटीच्या मालकाला कागदांचे ओझे नको वाटते. ते समजण्यासारखे आहे, कारण तोही कर्जात असतो आणि बरेचदा स्वतःच तांडेल असतो. पण लागणारे कागद खरोखर थोडे आहेत. करार एका पानाचा पुरे: नाव, गाव, वारस, फोन, बोटीचा क्रमांक, उचल किती, विक्रीतून कोणकोणते खर्च वजा होणार, बोटीचा भाग किती, एकूण वाटे किती, हिशेब कधी होणार, दुखापत झाली तर औषधपाणी कोणाकडे, घरी पोचवण्याचा खर्च कोणाचा. मराठी, हिंदी, नेपाळी, ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत. ज्याला वाचता येत नाही त्याला दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवायचा. एक प्रत त्याच्या घरी पाठवायची. दर फेरीला निघताना माणसांची यादी मच्छीमार सोसायटीत द्यायची, ऐन वेळी माणूस बदलला तर फोनवर कळवायचे. परतल्यावर लिलावाची पावती आणि खर्चाची बिले सगळ्यांसमोर ठेवून वाटे पाडायचे.

याचा फायदा मालकालाही आहे. उचल घेऊन खलाशी दुसऱ्या बोटीवर गेला, तर कागद मालकाच्याही बाजूने बोलतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख रुपये मिळतात. माणूस बोटीवर होता हे यादीतून दाखवता आले, तर दावा अडत नाही आणि घराचा रोष मालकावर येत नाही.

राज्यात मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. बोटी वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात, खलाशांची जमवाजमव चालू असते. मच्छीमार सोसायट्यांनी याच दोन महिन्यांत छापील करारपत्र आणि फेरीची वही प्रत्येक बोटीला द्यावी, मत्स्य विभागाने परवाना नूतनीकरणाला करारांची यादी जोडायला सांगावी. इंजिन तपासल्याशिवाय, डिझेल भरल्याशिवाय कोणी बोट लोटत नाही. माणसांचे करार झाल्याशिवायही ती लोटायची नाही, हा रिवाज एका बंदराने पाडला तरी शेजारच्या बंदरातले खलाशी तो मागू लागतील.